परड्यातलं सफरचंद आणि पावसाळ्यातली बुरशी: नव्यांसाठी पायरी-पायरीने

श्रावणात एका सकाळी परड्याचं दार उघडलं, तर झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा पडलेला. सफरचंदाच्या झाडाचं ते दुसरं वर्ष. वर शेंड्याला आठ-दहा पानं, बाकी नुसत्या काड्या. कुंपणापलीकडून शेजारच्या अक्का म्हणाल्या, "झाड गेलं की हो तुमचं!" मलाही तसंच वाटलं. मग हस्ताचा पाऊस सरला आणि त्याच काड्यांवर कोवळी पालवी आली, तिच्यासोबत फुलंही. घरातल्या सगळ्यांनी आनंदाने फोटो काढले. त्या फुलांची फळं धरली नाहीत. जानेवारीत झाड खऱ्या अर्थाने फुलायला हवं होतं, तेव्हा त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं.

त्या वर्षी जे कळलं, त्यावरच हा लेख उभा आहे. आपल्याकडे, म्हणजे बेळगावकडे, सफरचंदाला थंडी आपोआप झोपवत नाही. पान गळलं की डोळे (फांदीवरच्या, नवी फूट निघणाऱ्या कळ्या) जागे होतात आणि झाड फुटतं, मग ते पान कोणत्याही कारणाने गळलेलं असो. म्हणून पान कधी गळणार ते आपण ठरवायचं, बुरशीला ठरवू द्यायचं नाही. मृगापासून डिसेंबरपर्यंत पान झाडावर हिरवं राहिलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हवा आपली, वेळापत्रकही आपलंच

हिमाचल-काश्मीरच्या जुन्या जातींना वर्षाकाठी 7 अंशांखालच्या थंडीचे 800 ते 1200 तास लागतात. बेळगावात ते मिळणं शक्य नाही. आपल्याकडे लावतात ती कमी थंडीवर येणारी रोपं: हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांनी तयार केलेली एचआरएमएन-99, इस्राएलची ॲना, बहामा बेटांवरची डॉर्सेट गोल्डन. फूल जानेवारी-फेब्रुवारीत येतं, फळ मे-जूनमध्ये उतरतं आणि लगेच मृग लागतो.

खरी अडचण तिथून सुरू होते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. पाऊस वर्षाला 1200 ते 1300 मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा 25 अंशांच्या आसपास आणि रात्री 20, शिवाय पानं तासन् तास ओली. पानावर ठिपके आणणाऱ्या बुरशांना याहून सोयीची हवा नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस आणखी जास्त, म्हणून तिकडे पानांसोबत खोड आणि फांद्याही सांभाळाव्या लागतात. अथणी-रायबागकडे पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी. तिकडच्यांना ठिपक्यांपेक्षा भुरीचा, म्हणजे पांढऱ्या पिठीसारख्या बुरशीचा, त्रास जास्त होईल.

थंड मुलखातल्या सफरचंदाविषयी वाचायला गेलात तर पानोपानी 'स्कॅब' भेटेल. शेवाळी रंगाचे मखमली डाग पाडणारा हा रोग फार मोठा आहे, 1973 मध्ये काश्मीरच्या बागांत त्याची मोठी साथ आली होती. पण त्याला थंड आणि ओला वसंत लागतो. आपला वसंत कोरडा आणि तापलेला असतो. त्यामुळे आपल्या झाडावर डाग दिसला की आधी स्कॅबची औषधं शोधत बसू नका.

पहिली पायरी: पान हातात घेऊन बघा

औषधाच्या दुकानात जाण्याआधी दहा मिनिटं झाडाखाली घालवा. खालच्या आणि आतल्या फांद्यांची जुनी पानं आधी बघा, कारण ठिपक्यांची सुरुवात तिथूनच होते. पान उन्हाकडे धरा, मग उलटून बघा. शाळकरी मुलांचं भिंग असेल तर उत्तमच.

पानाच्या वरच्या बाजूला गडद, कडा अस्पष्ट असलेले तपकिरी डाग, भिंगातून त्यांत टाचणीच्या टोकाएवढे काळे कण, डागाभोवती हिरवेपणा टिकून बाकीचं पान पिवळं, आणि बोट लागताच देठापासून सुटणारं पान: ही मार्सोनिना नावाच्या बुरशीची लक्षणं. श्रावणातली पानगळ बहुतेक हीच करते. डाग लहान, गोल, जांभळट काठाचे असतील आणि पुढे बेडकाच्या डोळ्यासारखी वर्तुळं दिसू लागली असतील, तर अल्टरनेरिया या दुसऱ्या बुरशीचा संशय घ्या. दोन्हींत घोटाळा झाला तरी नव्या माणसाचं फार बिघडत नाही, कारण सुरुवातीचे उपाय सारखेच आहेत.

भुरी मात्र वेगळी आहे आणि तिचा उपायही वेगळा. कोवळ्या शेंड्यावर कुणी पिठी भुरभुरवल्यासारखा पांढरा थर येतो, पानं अरुंद होऊन वर वळतात आणि शेंडा खुरटतो. हिला पान ओलं लागत नाही. उलट धो-धो पावसात ती मागे हटते. पाऊस संपला, सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असे दिवस सुरू झाले की दसरा-दिवाळीपासून ती वर येते. ती कळीच्या आत लपून राहते, त्यामुळे जानेवारीची नवी फूट जन्मतःच पांढरी निघू शकते.

पानावर काजळीसारखा काळा थर दिसला तर ओलं बोट फिरवा. पुसून निघाला की तो पानाचा रोग नाही. मावा किंवा पिठ्या ढेकूण जो चिकट पाक सोडतात, त्यावर वाढलेली ती बुरशी आहे. किडीचा बंदोबस्त केला की काजळी आपोआप जाते. एप्रिलमध्ये पानांच्या फक्त कडा करपल्या असतील तर आधी ऊन आणि पाणी तपासा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती अन्नद्रव्यांची कमतरता, बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या काळ्या जमिनीत हे बऱ्याचदा दिसतं. पहिल्या पावसानंतर रातोरात पानांना भोकं पडली तर हुमणीचे भुंगे आलेत. यांतल्या कशावरही बुरशीनाशक मारून उपयोग नाही.

तरीही शंका राहिली तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला करून पिळलेला कागद अंथरा, त्यावर डाग पडलेली दोन-तीन पानं आणि शेजारी एक निरोगी पान ठेवा. झाकण लावून डबा सावलीत दोन दिवस राहू द्या. बुरशी असेल तर डागांवर लव किंवा नवे काळे ठिपके दिसतात आणि डाग पसरतो. उन्हाने करपलेला डाग होता तसाच राहतो. निरोगी पान ठेवायचं विसरू नका, तुलना त्याच्याशीच करायची आहे.

खोडाकडेही वाका

पानं सगळ्यांना दिसतात, पण झाड मरतं ते बहुधा बुंध्यापासून. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बुंध्याजवळची माती चार बोटं बाजूला करून साल बघा. साल मऊ, तपकिरी, खरवडली की आत विटकरी दिसली, तर ती बुंधाकूज. पाणी साचणाऱ्या जागी फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव ती आणतो. बुंध्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं आणि त्यात मोहरीसारखे दाणे दिसले तर ती खोडकूज. भुईमूग लावणाऱ्यांना हे दाणे चांगलेच ओळखीचे आहेत. दोन्हींत उपाय आधी कुदळीने करायचा: आळं मोडून पाण्याला वाट काढून द्या, बुंध्याला चिकटलेला पालापाचोळा आणि शेणखत दूर करा, कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर तो मोकळा करा. जोड जमिनीपासून निदान वीतभर वर असायला हवा. कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडून काढा आणि जागा कोरडी झाली की बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचा लेप, कृती चौथ्या पायरीत आहे). मोहरीसारखे दाणे असलेली माती उचलून परड्याबाहेर टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात अजिबात नको. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घातलेलं मुरलेलं शेणखत नंतर दिलं तर पुढच्या पावसाळ्यात फायदा होतो. पण आधीच कुजलेलं खोड त्याने बरं होईल ही आशा ठेवू नका.

खानापूरकडच्या लोकांनी फांद्यांच्या बेचक्यांवरही नजर ठेवावी. तिथे फिकट गुलाबी रंग लावल्यासारखा पापुद्रा दिसतो आणि त्याच्या पुढची फांदी वाळत जाते. फणसावर, काजूवर हा रोग तुम्ही पाहिला असेल. गुलाबी भागाच्या वीतभर खाली निरोगी लाकडात कापा, कापलेल्या तोंडाला पेस्ट लावा आणि फांदी त्याच दिवशी जाळा.

दुसरी पायरी: औषधाआधीची कामं

ठिपक्यांची बुरशी गळलेल्या पानांत दबा धरून बसते आणि पुढच्या पावसात तिथूनच शिंतोड्यांबरोबर वर चढते. म्हणून झाडाखालचं पान उचलणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. आठवड्यातून दोनदा खराटा फिरवा आणि पानं हातभर खड्ड्यात पुरा. उचलणं जमत नसेल इतकी गळ असेल, तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो युरिया विरघळवून तो जमिनीवरच्या पानांवर शिंपडा, म्हणजे ती लवकर कुजतात. हे पाणी झाडावरच्या पानांवर पडू देऊ नका.

दुसरं काम हवेचं. भर दुपारी झाडाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे पडत नसतील तर झाड दाट झालंय. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा आणि जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच्या बारीक फुटी साफ करा. आपली परडी लांबोडी, दोन्ही बाजूंनी भिंती, मागे केळी, वारा खेळत नाही. अशा ठिकाणी छाटणीने जितका फरक पडतो तितका दोन फवारण्यांनीही पडत नाही. मात्र मोठी छाटणी भर पावसात करू नका. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसा.

पाणी पाईपने वरून देण्याची सवय असेल तर ती मोडा, पाणी बुंध्यापासून हातभर लांब आळ्यात द्या.

तिसरी पायरी: पावसाळ्यातली फवारणी

बाजारातली बहुतेक बुरशीनाशकं रोग येण्याआधी पानावर असली तरच कामाची असतात. पानं पिवळी झाल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. म्हणून फळं उतरवली की मृगाच्या आसपास, अंगण कोरडं असताना पहिली फवारणी करावी. मॅन्कोझेब 75 टक्के पावडर, लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला 30 ग्रॅम. सोबत चिकटद्रव्य लिटरला अर्धा मिली, नाहीतर आपल्या पावसात काही टिकत नाही. पावडर आधी तांब्याभर पाण्यात कालवून मग बादलीत ओता, थेट टाकली तर गुठळ्या होतात. आठ-दहा फुटी झाडाला तीन-चार लिटर पुरतं. नोझल खालून वर धरा, पानाची मागची बाजू भिजली पाहिजे.

पुढच्या फवारण्या साधारण पंधरा दिवसांनी, उघडीप बघून. बेळगावात जुलैमध्ये आठ-आठ दिवस झड लागते, तेव्हा तारखेचा हट्ट धरू नका. सकाळी पान कोरडं झालं आणि चार-सहा तास पाऊस येणार नाही असं वाटलं की लगेच काम उरकून घ्या. फवारून तासाभरात सर आली तर फवारणी फुकट गेली असं समजून पुढच्या उघडिपीत पुन्हा करा. मधली एक फवारणी हेक्झाकोनॅझोल 5 टक्के, लिटरला अर्धा मिली, अशी बदलून घ्या. असं एकच आंतरप्रवाही (पानात शिरून आतून काम करणारं) औषध पुन्हा पुन्हा मारलं की बुरशी त्याला सरावते, म्हणून हंगामात ते जास्तीत जास्त दोनदाच. गणपती येईपर्यंत तीन-चार फवारण्या झाल्या आणि नवी पानं स्वच्छ दिसली, तर पुढच्या थांबवल्या तरी चालतं.

फळं अजून झाडावर असतील तर डब्यावर लिहिलेला थांबण्याचा काळ (फवारणी आणि तोडणी यांमधले दिवस) पाळा. मात्राही डब्यावरचीच शेवटची माना आणि लेबलवर सफरचंद आहे ना ते बघून घ्या. फळांवर खोलगट गोल कुजके डाग आणि त्यांत गुलाबी चिकट ठिपक्यांची वर्तुळं दिसली, तर तशी फळं लगेच तोडून पुरून टाका. वळीव सुरू होण्याआधी फळांना कागदी पिशव्या बांधल्या तर हा त्रास बराच वाचतो.

आता एक कळकळीची सूचना. आपल्या जुन्या घरांच्या परड्यात आड असतो. औषध कालवणं, पंप धुणं हे आडापासून लांब करा आणि धुतलेलं पाणी आडाकडे उतरत नाही ना ते पाहा. तुळस, कडीपत्ता, पूजेची फुलं फवारणीआधी प्लास्टिकने झाका. हातमोजे, तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. झाड फुलात असताना काहीही मारू नका, मधमाश्या तेव्हा झाडावर असतात.

भुरीसाठी गंधक

पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. त्याआधी पांढरे शेंडे कात्रीने कापून पिशवीत टाका. कापताना झटकू नका, ती पिठी म्हणजेच बुरशीचं बी आहे. मी एकदा मार्चच्या अखेरीस दुपारी गंधक मारलं आणि तिसऱ्या दिवशी कोवळी पानं करपून तांबडी झाली. दिवसाचं तापमान 32 अंशांपुढे जाऊ लागलं की गंधक बंद करा. कडुलिंबाच्या तेलाची फवारणी झाली असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या. हलक्या भुरीवर दहा लिटर पाण्यात अर्धा लिटर आंबट ताक मिसळून मारतात. अगदी सुरुवातीला त्याने फरक पडतो, ठिपक्यांवर मात्र त्याचा काही उपयोग होत नाही.

चौथी पायरी: डिसेंबर, पानं उतरवणं आणि बोर्डो

बोर्डो मिश्रण आपल्याकडे द्राक्षवाल्यांना आणि सुपारीवाल्यांना चांगलं माहीत आहे. त्यामुळे पावसाळ्यात सफरचंदावरही तेच मारा असं कुणीतरी सांगतंच. गार, ओल्या हवेत मोरचूद सफरचंदाची हिरवी पानं जाळतो आणि कोवळ्या फळावर खरखरीत तपकिरी डाग पाडतो. म्हणून मी तो पानं उतरवलेल्या उघड्या झाडासाठी राखून ठेवतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी तोडा. दहा-पंधरा दिवसांनी उरलेली सगळी पानं हाताने उतरवा. पान खाली ओढू नका, देठ वरच्या बाजूला मोडा, म्हणजे डोळा दुखावत नाही. ही पानंसुद्धा पुरायची. मग वाळक्या, रोगट फांद्यांची छाटणी, आणि दोन-तीन दिवसांत, डोळे फुगायच्या आत, एक टक्का बोर्डो.

ते असं करायचं. 100 ग्रॅम मोरचूद फडक्याच्या पुरचुंडीत बांधून रात्री पाच लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत, काठीला टांगून ठेवा. सकाळपर्यंत निळंशार पाणी होतं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. दुसऱ्या बादलीत 100 ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवा. तो सणसणून तापतो, वाकून बघू नका आणि मुलांना लांब ठेवा. निवला की पाणी घालून पाच लिटर करा आणि फडक्याने गाळा. मग तिसऱ्या बादलीत दोन्ही पाणी एकाच वेळी, बारीक धारेने, लाकडी काठीने ढवळत ओता. आभाळी रंगाचं, जरा दाटसर मिश्रण तयार होतं. त्यात घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं राहिलंय, चुन्याची निवळी घालत राहा आणि नव्या खिळ्याने पुन्हा बघा. खिळा होता तसाच निघाला की मिश्रण तयार. त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलेलं बोर्डो कामाचं राहत नाही.

खोडाला लावायची पेस्टही अशीच, फक्त 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुन्याला पाणी एकूण एकच लिटर. जुन्या ब्रशने बुंध्यापासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत लावा, वर्षातून दोनदा: मृगाआधी आणि पाऊस संपल्यावर.

दुकानात मोरचूद म्हणून कळलं नाही तर कन्नडमध्ये 'मैलुतुत्त' म्हणा, चुन्याला 'सुण्ण', भुरीला 'बूदी रोग', पानावरच्या ठिपक्यांना 'एले चुक्के रोग'. नुसतं "झाडाला पांढरं पडलंय" एवढंच सांगितल्यावर मला एका दुकानातून कीटकनाशक मिळालं होतं आणि तो हंगाम हातचा गेला. तेव्हापासून रोगट फांदीचा तुकडा कागदात गुंडाळून बरोबर नेतो. दुकानापेक्षा होबळीचं (तालुक्यातल्या महसूल मंडळाचं) रयत संपर्क केंद्र, म्हणजे कृषी खात्याचं कार्यालय, बरं. गोकाकजवळ अरभावीला बागायत महाविद्यालय आहे, बैलहोंगलकडे मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम येऊन पान वाटेतच सडतं आणि मग कुणालाच काही ओळखता येत नाही. कोरड्या कागदाच्या घडीत, निम्मं रोगट आणि निम्मं चांगलं असं पान न्या.

बोर्डो वाळलं की फांद्या निळसर पांढऱ्या दिसतात. आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, मग आळं भरून पाणी सोडा. जानेवारीत डोळे फुगून टोकाला हिरवे झाले की रोज सकाळी शेंडे बघायला लागा. एखादी फूट पांढरी निघालीच, तर फूल उमलायच्या आधी ती कापून टाका.